उपचारासाठी ठेवलेली घार : बंदिवासाचे शरीरावर होणारे परिणाम

रानपिंगळा

संक्रांतीनंतर मांजाने कापलेल्या घारी सगळ्याच पक्षी-उपचार केंद्रांत येतात. टाके, पट्टी, हाड जुळवणं यावर बरंच लिहिलं जातं. पण महिनाभर पिंजऱ्यात राहिल्यामुळे पक्ष्याचं जे बिघडतं, त्याचा हिशोब कुणी मांडत नाही. पंख बरा झाला, पण घार सोडता आली नाही, अशा बऱ्याच प्रकरणांत मूळ जखमेचा दोष नसतो. पायाचे तळवे, शेपटीची पिसं, फुप्फुसं आणि छातीचे स्नायू या चारांपैकी काहीतरी पिंजऱ्याने खाल्लेलं असतं. म्हणून हा धागा.

सुरुवात पहिल्या काही मिनिटांपासून. रानपक्षी हातात धरला की ॲड्रिनलिन काही सेकंदांत वाढतं, आणि रक्तातलं कॉर्टिकोस्टेरॉन साधारण तीन मिनिटांत चढायला लागतं. (माणसात कॉर्टिसॉल, पक्ष्यांत मुख्य काम कॉर्टिकोस्टेरॉनचं.) म्हणूनच मूळ पातळी मोजायची असेल तर पकडल्यापासून तीन मिनिटांच्या आत रक्त काढतात. तासाभरापुरती ही वाढ उपयोगाची असते, कारण साखर मोकळी होते आणि पळायला बळ मिळतं. तीच रोज, दिवसातून दहादा होत राहिली की शरीर स्नायू मोडून साखर बनवतं, प्रतिकारशक्ती मंदावते, जखम भरायला वेळ लागतो. पहिल्या आठवड्यात वजन घटतं ते बरेचदा यामुळे. पक्षी नीट खात असूनही घटतं, हे लक्षात घ्या.

वजन रोज एकाच वेळी घ्यायचं, सकाळी, खायला देण्याआधी आणि पेलेट (न पचलेल्या पिसा-केसांचा गोळा, जो पक्षी तोंडावाटे टाकतो) टाकून झाल्यावर. पोटात ६० ग्रॅम मांस असलेल्या घारीचं वजन कालच्या रिकाम्या पोटाशी ताडून काहीच कळत नाही. आणि नुसत्या काट्यावर जाऊ नका. छातीच्या मधल्या हाडाच्या दोन्ही बाजूंना बोट फिरवा. हाड सुरीच्या पात्यासारखं लागलं तर स्नायू गेलेत, मग काटा काहीही म्हणो.

धरताना छाती दाबू नका. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचं हाड पुढेमागे हलूनच हवा आत-बाहेर होते. घट्ट टॉवेलात गुंडाळून छातीवर पंजा दाबला तर पक्षी गुदमरतो, आणि हे मिनिटभरात होऊ शकतं.

---

तांबट

चांगला विषय. एक शंका. आमच्याकडे येणारी घार दोन-तीन दिवसांत शांत होते, कोपऱ्यात बसून राहते, जवळ गेलं तरी हलत नाही. म्हणजे ती सरावली असं समजायचं का?

---

हेटेरोफिल

@तांबट, सहसा नाही. पिसं फुगवून, डोळे अर्धे मिटून, न हलता बसलेला शिकारी पक्षी आजारी तरी असतो, थकलेला तरी किंवा भीतीने गोठलेला तरी. सरावलेला पक्षी चोचीने पिसं साफ करतो, आंघोळ करतो, एका पायावर उभा राहतो, तुमच्यासमोर खातो. या चार गोष्टी दिसल्या तर बोलू.

हार्मोन मोजूनही फसायला होतं. युरोपियन मैनांवर मायकेल रोमेरो यांच्या गटाने केलेलं काम यासाठी महत्त्वाचं आहे. सतत त्रास दिलेल्या मैनांचं कॉर्टिकोस्टेरॉन वाढण्याऐवजी कमी झालं, आणि नव्या त्रासाला द्यायचा प्रतिसादही मंदावला. म्हणजे कमी आकडा पाहून 'पक्षी निवांत आहे' म्हणायची सोय नाही.

त्यापेक्षा रक्ताची काच (काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा) स्वस्त आणि उपयोगी. माणसाच्या रक्तात न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी असतात, पक्ष्यांत त्यांच्या जागी हेटेरोफिल असतात. ताण चालू राहिला की हेटेरोफिल वाढतात आणि लिम्फोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशी घटतात. हे गुणोत्तर काही तासांनी हलतं, मिनिटांत नाही, म्हणून धरण्याच्या क्षणाचा गोंधळ त्यात कमी येतो. नखातून नव्हे, शिरेतून एक थेंब, पातळ थर, हवेत वाळवून लीशमन किंवा गिम्सा रंग, १०० पेशी मोजा. आल्याच्या दिवशी एक काच, मग दर आठवड्याला एक. एकाच पक्ष्याचे आकडे एकमेकांशी ताडायचे, पुस्तकातल्या आकड्याशी नाही. अडचण एकच, चिघळलेली जखम किंवा बुरशीही हेच गुणोत्तर वाढवते. म्हणून जखम स्वच्छ असताना आकडा चढत असेल तरच पिंजऱ्याकडे बोट दाखवा.

---

कामटी

पिंजऱ्याबद्दल. माझ्या मते निम्मे प्रश्न जाळीचे असतात.

चेन-लिंक किंवा वेल्डमेश अजिबात नको. माणूस दिसला की घार जाळीवर झेप घेते. चोचीवरचा मऊ भाग सोलतो, पंखाचं मनगट फुटतं, शेपूट आणि टोकाची उड्डाणपिसं जाळीच्या चौकटीत अडकून मोडतात. मनगटाची जखम दिसायला लहान, पण तिथे हाडावर कातडीशिवाय काहीच नसतं, आणि ती पुन्हापुन्हा उघडते.

करायचं काय : आतून बांबूच्या उभ्या कामट्या किंवा पीव्हीसी पाइप, दोन कामट्यांत एक ते दीड इंच फट. आडव्या कामट्या नकोत, पक्षी त्यांना लटकतो. तीन बाजू पूर्ण बंद, समोरून शेडनेट. खाणं खालच्या झरोक्यातून सरकवायचं, म्हणजे माणूस दिसत नाही. कुत्र्यांचा वॉर्ड शेजारी नको. भुंकणं ऐकणाऱ्या घारीचा दिवस कसा जात असेल ते सांगायला नको.

शेपटीला पहिल्या दिवशीच गार्ड. जुन्या एक्स-रे फिल्मचे दोन तुकडे, शेपटीपेक्षा अर्धा इंच लांब, वर एक खाली एक, कडांना कागदी टेप. टेप पिसांना थेट लागू द्यायचा नाही, फक्त मुळाशी एक वेढा. आठवड्यातून एकदा काढून आत विष्ठा साचली आहे का बघा, नाहीतर पिसं आतल्या आत कुजतात.

---

चष्मेवाला

कामटी, जागा किती? आमच्याकडे तीन फुटी क्रेट आहेत.

---

कामटी

पहिले आठ-दहा दिवस तीन फुटी चालेल, उलट तेव्हा लहान आणि अंधारीच बरी. हाड हलू नये हाच हेतू असतो. पट्टी निघाल्यावर तीच जागा घातक. तेव्हा निदान आठ-दहा फूट हवी, म्हणजे दोन दांड्यांमध्ये उडी मारता येईल. उड्डाणासाठीची शेवटची जागा ५० फूट लांब तरी असावी. एल आकाराची किंवा गोल असेल तर उत्तम, कारण सरळ बोळात पक्षी चार फडकाऱ्यांत टोकाला पोहोचतो आणि वळायला शिकत नाही.

---

हाडवैद्य

जनावरांचा डॉक्टर म्हणून दोन-तीन गोष्टी.

पक्ष्याचं हाड लवकर जुळतं, नीट बसवलं तर साधारण तीन आठवड्यांत. कुत्र्याच्या हिशोबाने सहा-आठ आठवडे पट्टी ठेवली की पंख कामातून जातो. खांद्यापासून मनगटापर्यंत पुढच्या कडेला जो कातडीचा पडदा असतो, तो आखडतो. हाड जुळलेलं, पंख मात्र पूर्ण उघडत नाही. म्हणून आठच्या आकड्याची पट्टी आठवड्यातून दोनदा काढायची, आणि शक्य असेल तिथे आयसोफ्लुरेनच्या भुलीत पंख हळूहळू ताणून परत बांधायचा. शुद्धीत असलेल्या घारीचा पंख ओढू नका. ती झटापट करते आणि जुळत आलेलं हाड पुन्हा हलतं.

पुढच्या पंखातल्या दोन हाडांपैकी एकटं अल्ना मोडलं असेल आणि रेडियस शाबूत असेल तर तेच आधाराच्या पट्टीचं काम करतं. अशा घारीला नुसती विश्रांती बहुतेक वेळा पुरते. दंडाचं हाड वेगळं. ते पोकळ असून हवेच्या पिशव्यांना जोडलेलं असतं. तिथली उघडी जखम सिरिंजने जोरात धुतली तर सलाईन थेट श्वसनमार्गात. पक्षी टेबलावरच जातो आणि दोष भुलीला मिळतो.

आणि कृपा करून डेक्सामेथासोन देऊ नका. सूज उतरवण्यासाठी गाई-कुत्र्यांच्या सवयीने टोचलं जातं. पक्ष्याच्या अंगात ताणाचं स्टेरॉइड आधीच वाहतंय, त्यावर बाहेरचं म्हणजे बुरशीला आमंत्रण. वेदनेसाठी मेलॉक्सिकॅम आहे. डायक्लोफेनॅक तर विचारूच नका. ते दिलेली मेलेली गुरं खाऊन गिधाडं कशी मेली ते सगळ्यांना माहीत आहे, आणि जनावरांसाठीच्या वापरावर २००६ पासून बंदी आहे.

---

शिंजीर

बुरशीवर जरा सविस्तर लिहाल का? पावसाळ्यात आमच्याकडे दोन घारी अशाच गेल्या, पंख बरे होऊन.

---

हाडवैद्य

अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस. बीजाणू सगळीकडेच असतात, बाहेरची घारही रोज श्वासात घेते. पिंजऱ्यात दोन गोष्टी जुळतात. एक, ओलसर पेंढा, गोणपाट, लाकडाचा भुसा यांत बीजाणूंची संख्या प्रचंड वाढते. दुसरी, ताणामुळे त्यांना मारणाऱ्या पेशी मंद होतात. पक्ष्याच्या हवेच्या पिशव्या उबदार, रक्तपुरवठा जेमतेम. बुरशीला यापेक्षा चांगली जागा मिळणार नाही.

लक्षणं उशिरा दिसतात : खाऊनही वजन उतरतं, आवाज बदलतो, बसल्या जागी श्वासाबरोबर शेपूट वर-खाली होते, थोडं फडफडलं की धाप. एक्स-रेत दिसेपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. इट्राकोनॅझोल देता येतं, पण ते आठवडेच्या आठवडे चालतं आणि यकृतावर ताण येतो. त्यामुळे भर टाळण्यावर. खाली वर्तमानपत्र किंवा धुता येणारी मॅट, रोज बदलायची. पेंढा कधीच नाही. समोरासमोर झरोके ठेवून हवा खेळती. कोकणात आणि मुंबईत जुलैमध्ये बंद खोलीपेक्षा छप्पर असलेला उघडा पिंजरा बरा. खाऊन उरलेलं मांस दोन तासांत उचला.

तुमच्या दोन घारींचं शवविच्छेदन झालं नसेल तर खात्रीने सांगता येणार नाही. पुढच्या वेळी हवेच्या पिशव्या उघडून बघा. पांढरे-पिवळे चट्टे किंवा हिरवट-राखाडी मखमल दिसली की उत्तर मिळालं.

---

रानपिंगळा

पायांचं राहिलं. बंबलफूट, म्हणजे तळव्याला होणारी जखम आणि सूज.

बाहेरची घार दिवसाचा मोठा भाग हवेत असते. पिंजऱ्यात ती चोवीस तास तळव्यांवर उभी. एक पंख दुखत असेल तर तोल जातो, दुसऱ्या बाजूच्या पायावर भार वाढतो, उतरताना आपटते. तळव्यावर बारीक खवल्यांसारखे उंचवटे असतात, ते आधी झिजतात. गुळगुळीत, चकाकणारा गुलाबी ठिपका ही पहिली पायरी. इथे पकडलं तर दांडी बदलून आठ-दहा दिवसांत परततं. पुढे कातडी फाटते, आत स्टॅफिलोकॉकस ऑरियस शिरतो, खपली धरते, मग सूज कंडऱ्यांपर्यंत आणि शेवटी हाडापर्यंत. तिथून परत येणं अवघड.

एकच गुळगुळीत पाइप दांडी म्हणून लावणं सर्रास दिसतं आणि तेच मुळात चुकतं. एका पिंजऱ्यात तीन प्रकार हवेत : काथ्या गुंडाळलेली गोल दांडी, कृत्रिम हिरवळ चिकटवलेली सपाट फळी, आणि सालीसकट वेडीवाकडी फांदी. गोल दांडीचा घेर असा की बोटांनी निम्म्याहून जास्त वेढला जावा, पण पुढची आणि मागची नखं एकमेकांना भिडू नयेत. काथ्या ओला राहिला तर काढून टाका. तळवे दर आठवड्याला पाहायचे, वजनाच्याच वेळी, म्हणजे वेगळं धरावं लागत नाही.

---

वेडा राघू

खाण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून.

नुसतं बोनलेस चिकन देणं हा सगळ्यात पसरलेला घोळ. हाडाशिवाय मांसात कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट फॉस्फरस असतो. पक्ष्याला हवं ते उलट, कॅल्शियम फॉस्फरसच्या दीड-दोन पट. प्रौढ घार काही आठवडे निभावते, पण घरट्यातून पडलेलं पिल्लू दोन-तीन आठवड्यांत वाकड्या पायांचं होतं. त्याची हाडं उचलतानासुद्धा मोडतात. अख्खं भक्ष्य हा खरा उपाय : एक दिवसाची कोंबडीची पिल्लं, लावे, उंदीर. नाहीच मिळालं तर कोंबडीची मान हाडासकट ठेचून. शिवाय पिसं-केस पोटात गेले तरच पेलेट बनतो. सकाळचा ऊन-झरोका हवा, काचेतून आलेलं ऊन ड जीवनसत्त्वासाठी कामाचं नाही.

६०० ग्रॅमच्या घारीला दिवसाला ७० ते ९० ग्रॅम. बसून असलेल्या पक्ष्याला जास्त भरवून चरबी वाढवली की त्याच तळव्यांवर भार.

अगदी हाडकुळी आलेली घार असेल तर पहिल्या दिवशी मांस नाहीच. उपाशी शरीराला एकदम पोषण मिळालं की पेशी फॉस्फरस आणि पोटॅशियम आत ओढतात, रक्तातली पातळी कोसळते, आणि 'पोटभर जेवून मेली' असं होतं. आधी पाणी. रोजची गरज किलोला ५० मिली, म्हणजे ६०० ग्रॅमला ३० मिली. दहा टक्के शुष्कता धरली तर तूट ६० मिली, त्यातली निम्मी पहिल्या दिवशी. एकूण ६० मिली कोमट आर.एल. (रिंगर्स लॅक्टेट सलाईन), तीन-चार वेळा विभागून, मांडीच्या आतल्या घडीत कातडीखाली. पक्ष्याला मान ताठ धरता येत नसेल तर तोंडाने काही नाही. मग पातळ आहार, मग बिनहाडाचे बिनकातडीचे लहान तुकडे पाण्यात बुडवून, विष्ठा नीट होऊ लागली की हाडासकट.

बगळे, ढोकरी, खंड्या यांना गोठवलेले मासे दिले तर एका किलो माशामागे २५ ते ३० मिग्रॅ थायमिन (ब१ जीवनसत्त्व). गोठवल्यावर ते उडतं आणि काही माशांत ते मोडणारं विकरही (एन्झाइम) असतं. मान मागे वळवून बसलेला बगळा दिसला की आधी हेच आठवा.

---

तांबट

पोपटांचंही थोडं येऊ द्या ना. छाप्यात जप्त झालेले कीर आणि करण पोपट येतात ते वर्षानुवर्षं पिंजऱ्यातले असतात.

---

वेडा राघू

ते घारीच्या उलट टोकाला. तिथे घाई नसते, साचलेलं नुकसान असतं. सूर्यफूल बी आणि मिरची यावर जगलेला पोपट : यकृतात चरबी, अ जीवनसत्त्व कमी, त्यामुळे तोंडाच्या आणि नाकाच्या आतलं अस्तर जाड होऊन सायनस तुंबलेले. टाळूच्या फटीजवळचे बारीक काटे बोथट झालेले दिसतात, टॉर्च लावून तोंडात बघितलं की कळतं. बी एकदम बंद करू नका, काही पोपट नवं अन्न ओळखतच नाहीत आणि उपाशी राहतात. गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला बारीक चिरून बियांत मिसळा, तीन-चार आठवड्यांत प्रमाण उलटं करा.

कापलेले पंख वाट बघायला लावतात. पिसाचं खोड अजून मुळात असतं तोवर नवं येत नाही, पीसगळ होईपर्यंत थांबा. उपटून घाई केली तर मूळ कायमचं बिघडू शकतं. आणि सोडण्याआधी चोच-पीस रोगाच्या विषाणूची पीसीआर चाचणी हवीच. नाहीतर एक पक्षी सोडून अख्ख्या थव्याला आजार वाटला. सिटॅकोसिस हा पोपटांचा श्वसनाचा आजार माणसालाही होतो, म्हणून पिंजरा साफ करताना मास्क, आणि सुकी विष्ठा झाडायची नाही, ओली करून पुसायची.

---

चष्मेवाला

विजेचा माणूस आहे म्हणून एक अवांतर. वॉर्डात जुन्या चोकच्या ट्यूबलाइट असतील तर बदला. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे अशी ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. आपल्याला कळत नाही, पण ब्लू टिटसारखे लहान पक्षी सेकंदाला १३० पर्यंतची लुकलुक वेगळी बघू शकतात. चांगल्या ड्रायव्हरची एलईडी लावा. मोबाइलचा कॅमेरा दिव्यासमोर धरा, पडद्यावर पट्टे सरकले तर दिवा बाद. रात्री पूर्ण अंधार, सीसीटीव्हीला इन्फ्रारेड पुरतं.

---

हेटेरोफिल

सगळ्या जातींना एक माप लावू नका, हे मध्येच सांगून टाकतो. घरचिमणीच्या अंगावर पिंजरा वेगळा उमटतो, घारीच्या वेगळा.

रोहित (फ्लेमिंगो) यासारख्या लांब पायांच्या पक्ष्यांत पहिला धोका स्नायूंचा असतो. पाठलाग, मग पाय दुमडून खोक्यात दोन तास प्रवास, आणि नंतर पक्षी उभाच राहत नाही. स्नायूंच्या पेशी फुटून त्यातलं विकर रक्तात येतं, मूत्रपिंडावर ताण येतो. कधी तासाभरात, कधी दोन-तीन दिवसांनी. औषधाने क्वचित सुधारतो. ठाणे खाडीकडचा रोहित उचलावा लागला तर पाठलाग कमीतकमी, डोळे झाकलेले, उन्हात थांबणं नाही, पोहोचताच पायांवर उभा करायचा, गरज पडली तर झोळीत.

गिधाडं वसाहतीने राहणारी, एकटं ठेवलेलं गिधाड खायचंच बंद करू शकतं. हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रात म्हणून मोठ्या सामायिक पिंजऱ्यांत गट ठेवतात. तिथून २०२४ मध्ये ताडोबा आणि पेंचला आणलेली गिधाडंही आधी काही महिने तिथल्याच पिंजऱ्यांत ठेवून मग सोडली गेली.

स्थलांतरी पक्षी तर आणखी वेगळे. हंगाम आला की पिंजऱ्यातही रात्र-रात्र फडफडतात. किनाऱ्यावरच्या रेड नॉट पक्ष्यांवर नेदरलँडमध्ये झालेल्या कामात दिसलं की मऊ खाण्यावर ठेवलं की त्यांची पेषणी (पोटातला अन्न दळणारा भाग) आक्रसते आणि शिंपल्यांवर आणलं की काही दिवसांत परत वाढते. म्हणजे मऊ खाण्यावर ठेवलेला पक्षी सोडण्याआधी आठवडाभर तरी खऱ्या, कठीण खाण्यावर आणा.

---

शिंजीर

छातीचे स्नायू परत कसे आणायचे? मोठी एव्हियरी (उडता येईल असा पिंजरा) नाही.

---

रानपिंगळा

दोरीवर उडवा. दोन्ही पायांना मऊ चामड्याचे पट्टे, त्यांना फिरकी (गोल फिरणारी कडी), फिरकीला ५० मीटर न पिळणारी दोरी, टोकाला जमिनीवर घसटणारं हलकं वजन. दोरी झाडाला बांधू नका, एकदम हिसका बसून मांडी मोडते. मोकळं मैदान, सकाळची वेळ, वाऱ्याच्या विरुद्ध. पहिल्या दिवशी तीन-चार उड्डाणं पुरे. उतरल्यावर चोच उघडी ठेवून धाप किती वेळ टिकते ते घड्याळावर मोजा. दोन मिनिटांत चोच मिटत नसेल तर आजचं काम थांबवा. एक दिवसाआड, दोन ते चार आठवडे. उड्डाणात उंची पकडते का, दोन्ही पंख सारखे मारते का, वळून उतरते का, या तीन गोष्टी झाल्या की सोडायचा विचार.

परवानगीचं काम वनविभागाचं, हे नव्याने वाचणाऱ्यांसाठी. जखमी पक्षी मिळाला की १९२६ या वनविभागाच्या हेल्पलाइनला फोन करा. घरी ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असो.

---

कामटी

शेपटीची चार पिसं मोडलीच असतील तर पीसगळीपर्यंत सहा-आठ महिने थांबवून वरचे सगळे रोग ओढवून घेण्यापेक्षा पीस जोडा.

---

तांबट

चिकटवायला काय वापरता? फेविक्विक?

---

कामटी

नाही. ते पातळ, पिसाच्या तंतूंत उतरून ते कडक करतं, आणि जागेवर बसवायला वेळच मिळत नाही. पाच मिनिटांत सुकणारं इपॉक्सी.

पक्षी भुलीत, कारण वीस-पंचवीस मिनिटं लागतात. देणारं पीस त्याच जातीचं, त्याच क्रमांकाचं, त्याच बाजूचं, मेलेल्या घारीचं जपून ठेवलेलं आणि वनविभागाला माहीत असलेलं. मोडलेलं पीस जिथे दांडा पोकळ आणि धड आहे तिथे सरळ कापा. कातडीपासून दोन-अडीच सेंटिमीटर खोड राहू द्या. बांबूची काडी तासून त्रिकोणी करा, गोल केलीत तर पीस फिरतं. काडी दोन्ही बाजूंना दीड-दोन सेंटिमीटर आत जाईल अशी. आधी कोरडी बसवून शेजारच्या पिसांशी लांबी आणि वळण जुळवा, मग इपॉक्सी. जोडाखाली कागदाचा कपटा सरकवा, म्हणजे ओघळ शेजारच्या पिसाला लागत नाही. सुकल्यावर कपटा काढून शेपूट पंख्यासारखी उघडून बघा.

खोड उभं चिरलेलं असेल तर मात्र जोडू नका. त्यात काडी धरत नाही, पहिल्याच उड्डाणात निघून येते.